एकाआड एक फुली

आमच्या गावच्या तलावाची पाळ हेच माझ्या मित्राचे मैदान. सकाळी तो तिच्यावरून अनवाणी धावायचा आणि मी मोहाच्या झाडाखाली पुस्तक घेऊन बसायचो. घड्याळ माझ्या मनगटाला होते, म्हणून वेळ सांगायचे काम माझे. मी वाचनात रमलो की तो मुद्दाम माझ्या पानांवर घाम झाडायचा. ऐंशीच्या दशकातली ती वर्षे. चामोर्शीकडच्या आमच्या भागात धावायचे बूट मी तोवर कुणाच्या पायात पाहिले नव्हते.

बारावीत असताना तो धावण्यात जिल्ह्यात पहिला आला. पुढची निवड चंद्रपूरला होती, रविवारी. तीत टिकला असता तर पुण्याच्या शिबिराला गेला असता.

त्याच सुमारास त्याला हिवताप लागला. धानाची रोवणी आटोपली की आमच्याकडे घरोघर कुणी ना कुणी गोधडीखाली कुडकुडत असायचेच. एक दिवस ताप चढायचा, दुसऱ्या दिवशी माणूस उठून कामाला जायचा. त्याला कुणी आजार म्हणत नसे. मलेरियाचा कर्मचारी गावात आला, बोट टोचून रक्त घेतले, गोळ्या दिल्या. मित्राने त्या सदऱ्याच्या खिशात ठेवल्या.

"खाऊन टाक ना बे," मी म्हणालो.

"गोळ्यानं मळमळते, कानात घुंई घुंई होते. धावू कसा? रविवार झाला का खातो. तू त लय हुशार ना? मोजून सांग, रविवारी ताप येते का नाई."

मी हुशार होतो. त्याच्या घरी भिंतीवर कॅलेंडर होते. तापाच्या दिवसांवर मी निळ्या शाईने फुल्या मारल्या, एकाआड एक. मग पुढच्याही मारत गेलो. शनिवारवर फुली आली. रविवार कोरा निघाला.

"मास्तर होशीन तू!" तो हसला. "पण मायले सांगू नको."

मी सांगितले नाही. तापाच्या दिवशी तो अभ्यासाच्या नावाखाली माझ्या घरी येऊन पडायचा.

शनिवारी ठरल्याप्रमाणे ताप आला, पण उतरला नाही. संध्याकाळी तसाच तो घरी गेला. सकाळी एसटीसाठी बोलवायला गेलो, तर त्याने मला ओळखले नाही. आधी बैलगाडी, मग कुणाची तरी जीप; दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली. ताप मेंदूत गेला, असे डॉक्टर म्हणाले. तासाभरात तो गेला. नदीकाठी सगळ्यांबरोबर त्रिशरण म्हणायला उभा राहिलो.

त्याच्या मायने ते कॅलेंडर भिंतीवरून काढले नाही. तिला वाचता येत नव्हते. वर्षाच्या पुण्यानुमोदनाला तिने मला विचारले, "ह्या फुल्या कायच्या, बापू?"

"सरावाच्या," मी म्हणालो. तिने पदराने कॅलेंडर पुसले.

पुढे मी खरोखरच मास्तर झालो. दर सुटीत तिला भेटायला जायचो आणि भिंतीकडे पाठ करून बसायचो. तिसऱ्या की चौथ्या दिवाळीला मात्र राहवले नाही. फुल्यांचे सगळे सांगून टाकले. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"मले मालूम होतं," शेवटी ती म्हणाली. "तुया घरून आला का सदरा घामानं पिळून निघे. धुताना खिशात गोळ्या भेटल्या. वाळल्यावर मीच परत ठेवल्या खिशात. मनलं, त्याचा रविवार होऊन जाऊ दे."

तिने सूप बाजूला ठेवले आणि हात पुसत भिंतीपाशी गेली.

"यातला रविवार कोणता, बापू?"

मी उठून ती कोरी चौकट दाखवली. तिने माझ्या बोटाशेजारी आपले बोट ठेवले.