मान खाली घालून पाहिलेलं स्केटिंग

कतारमधल्या दुखानच्या वाळवंटात उभी हयात काढून बर्फावर इतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या आखातात दुसरा सापडायचा नाही. हे माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा. मूळचे नाशिकचे, तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, आणि बर्फाशी प्रत्यक्ष संबंध काय तो लिंबाच्या सरबतापुरता. पण दरवर्षी जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धेचा आठवडा आला, की मामा रजा टाकत, घराचे पडदे ओढत आणि घरचं कार्य असल्यासारखे इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीपुढे बसत. स्केटर कुठल्याही देशाची असो, मामांच्या लेखी ती ‘बाळ’. बाळानं उडी घेतली की मामा खुर्चीतून वर उचलले जात. बाळ गिरक्या घेऊ लागलं की मामांच्या हातातला कपही फिरू लागे, म्हणून मामी त्या आठवड्यात त्यांना अर्धाच कप चहा देत. बाळ पडलं, तर मामा ताडकन उभे राहत. आपण उभे राहिलो की तीही उठते, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि ती उठायचीच, त्यामुळे कुणाला त्यांच्याशी वाद घालता येत नसे. गुण द्यायची सवय तर स्पर्धा संपली तरी सुटत नसे. दोह्यातल्या मुशैरिब भागातल्या एका हॉटेलात वेटर भरला ट्रे घेऊन वळला, तेव्हा मामा मोठ्यानं म्हणाले, “वळण सुरेख, पण शेवटी तोल गेला बरं का!” वेटरला मराठी येत नव्हती. तो बिल घेऊन आला.

यंदा स्पर्धेच्या तोंडावरच मामांच्या उजव्या डोळ्यापुढे काळी सावली आली. डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. दोह्यात तातडीनं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला आणि बजावलं, आठवडाभर मान खाली. वर केलीत तर पडदा पुन्हा सुटेल. मामा-मामी तिथं आमच्याच घरी राहिले. मामा टेबलावर उशी ठेवून तिच्यावर कपाळ टेकवून बसत. डाव्या डोळ्यानं मोबाइलवर थोडं बघतो, असं त्यांनी सुचवून पाहिलं. मामी म्हणाल्या, “दोन्ही डोळ्यांना आराम. खलास.”

“मग जावईबापू, टीव्हीवर काय चाललंय ते तुम्ही सांगा,” मामा म्हणाले.

मला स्केटिंगमधलं ओ की ठो कळत नाही.

“उडी मारली, मामा.”

“कुठं?”

“वर.”

उशीत एक मोठा सुस्कारा विरला.

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी त्यांचं लाडकं बाळ उतरलं. वर्षभर गुडघ्याच्या दुखापतीनं घरी बसून परत आलेलं. संगीत सुरू झालं, ती मागे मागे सरकत गेली, उडाली, आणि टीव्हीतून धप्पकन आवाज आला.

“पडली ना?” मामा उशीतूनच म्हणाले.

“हो.”

त्यांनी टेबलाची कड धरली. मामी धावल्या, “अहो, मान! मान वर करू नका!” मामा उभे राहिले. पण कमरेत वाकून, हनुवटी छातीला लावून, फरशीकडे तोंड करून. मामींनी त्यांच्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

“उठली का?”

“उठली, मामा. चाललीय पुढे. आता… आता हसतेय.”

“मग बरोबर,” म्हणून ते खाली बसले. मामी पदरानं आधी त्यांचा घाम पुसत होत्या, मग स्वतःचे डोळे.

ऑपरेशनचा आठवडा भरल्यावर तपासणी होती. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून नीट तपासलं. मग हिंदीत म्हणाले, “पर्दा चिपक गया है. अब गर्दन उठाइए.” मामींनी त्या मल्याळी डॉक्टरांना घाईघाईत तीनदा अरबीत “शुक्रन” म्हणून धन्यवाद दिले. बाहेरच्या खुर्चीवर बसून मी कितीतरी वेळ उगाचच हसत होतो.

संध्याकाळी त्यांना दुखानला सोडायला निघालो. येत्या उन्हाळ्यात मामा निवृत्त होऊन नाशिकला जायचेत. मागच्या सीटवर मामींना लगेच झोप लागली. मामा काचेला नाक लावून बाहेर बघत होते. बाहेर काय, सपाट माळ, कुठं चार उंट, लांब जळणारी गॅसची ज्योत.

“इतकी वर्षं या रस्त्यानं गेलो,” ते हळूच म्हणाले, “पण हे नीट बघायचं राहूनच गेलं.”

मी गाडीचा वेग कमी केला. मागचे लोक हॉर्न देत पुढे जात राहिले.