मानकोलीच्या स्टेकहाउसात सासऱ्यांचं पान

लोक लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला महाबळेश्वरला जातात. आम्ही मानकोलीच्या स्टेकहाउसात जेवायला गेलो. टेमघरहून, स्कूटरवर, शुक्रवारी संध्याकाळी. शुक्रवार अशासाठी, की त्या दिवशी भिवंडीतले कापडाचे लूम बंद असतात आणि रस्त्यात माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येतं.

निघण्याआधी सविताने माझी झडती घेतली. शर्टाच्या खिशातून गोदाम कामगारांच्या पत्रकांची एक घडी निघाली, पँटच्या मागच्या खिशातून दुसरी.

"ही कशाला?"

"असावीत जवळ."

"आज न्हाय. शब्द दे. कोणाशी भांडायचं न्हाय, पत्रक वाटायचं न्हाय, आन् 'हे कोणाच्या घामावर उभं आहे' असं ओरडून इचारायचं न्हाय. कोणाच्या घामावर ते मला ठावं हाय."

तिला ठाऊक होतंच. त्या स्टेकहाउसचा स्लॅब ओतला तेव्हा तिचे वडील, आबा, तिथे घमेली वाहत होते. अकलोलीच्या वरच्या अंगाला त्यांचा पाडा (डोंगरातली लहान वस्ती). तिथून टेम्पोत उभ्याने यायचे. इमारत झाली, काचा बसल्या, कंपनीची लाल पाटी लागली. एकदा ते पुढच्या दाराशी पाणी मागायला गेले, तर पहारेकऱ्याने मागच्या बाजूला पिटाळलं. घरी येऊन मात्र हसत सांगत होते, "आत काय शिजवतात, येकदा खाऊन बघाया पायजे." ते राहूनच गेलं. गेल्या दिवाळीआधी ते वारले.

सविताच्या पाड्यावर एक रीत आहे. कुठलंही नवं अन्न पहिल्यांदा खायचं, तर पहिला घास गेलेल्या माणसाचा. पानावर वाढायचा, थोडं थांबायचं, मग आपण जेवायचं. ते पान सविताला त्या इमारतीत, पुढच्या दाराने आत जाऊन वाढायचं होतं. एवढ्यासाठीच हा प्रवास. मी शब्द दिला. पत्रकं गादीखाली गेली.

रांजणोली नाक्यापर्यंत रस्ता कसला, खड्ड्यांची जत्राच. टोल भरून घेणाऱ्यांना या खड्ड्यांत खुर्ची टाकून बसवायला हवं, असं मी हेल्मेटमधून बोललो. मागून बरगडीत बोट आलं. "मी रस्त्याशी भांडतोय, माणसाशी नाही," मी म्हणालो. "रस्ता कोणी केला? माणसानीच ना?"

महामार्गाला लागल्यावर दोन्ही बाजूंना गोदामं. निळे पत्रे, पांढरे पत्रे, मधेच भाताचं एक वाफाभर शेत, त्यात बगळा. कंटेनर रांगेने उभे. एका ड्रायव्हरने टायरच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून कांदा परतायला घेतला होता आणि तो वास इतका जबरदस्त होता की मला तिथेच उतरावंसं वाटलं. समोरच्या मैलभर गोदामांत सबंध देशाचा माल मावतो, पण माल आणणाऱ्याला बसून जेवायला चार फूट सावली नाही! हे मात्र मी मनात म्हणालो.

स्टेकहाउसच्या दाराशी पहारेकरी होता. सविता थबकली. पदर सारखा केला. त्याने दार उघडलं, "वेलकम मॅडम, या." ती आत गेली आणि पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर छत. मान वर करून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

"सरळ झालाय," ती म्हणाली. बापाच्या कामाची तपासणी झाली.

दाराशी सविताचा फोन नंबर लिहून घेतला आणि जागा खिडकीजवळ मिळाली. वाढणारी मुलगी रेश्मा, नाव छातीवर लावलेलं. मेनूत स्टेक (मांसाचा जाड, भाजलेला तुकडा) एक पानभर आणि त्यात पनीरचा स्टेकसुद्धा! यावर एक वेगळं निषेधपत्रक निघू शकतं. आम्ही चिकनचा सांगितला. तो आला तो आगगाडीच्या इंजिनासारखा धूर सोडत, फुसफुसत, लाकडी पाटात बसवलेल्या तापलेल्या लोखंडी तव्यावर. शेजारच्या टेबलावरच्या काकू दचकून म्हणाल्या, "अगं बाई, पेटलं की काय!"

तव्यावर खाली कोबीचं पान अंथरलेलं होतं. सविताचा चेहरा उजळला. "बघ, पान पन हाय!" तिने ते अलगद ओढून काढलं, कडेला जळालेलं होतं, निवू दिलं. त्यावर चिकनचा तुकडा, चार मटार, बटाट्याची एक फोड ठेवली आणि पान खिडकीच्या कट्ट्यावर मांडलं. डोळे मिटले. मीही डोळे मिटून गप्प राहिलो. मला ते फारसं जमत नाही, पण राहिलो.

डोळे उघडले तेव्हा पान नव्हतं.

रेश्मा ते थाळीत घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली होती. "सॉरी मॅडम, अभी दुसरा देते. बाजूला काढलेलं आम्हाला आत दाखवावं लागतं, रूल आहे."

मॅनेजरही आले. हातात टॅबलेट. "मॅडम, नेमकं काय खराब होतं? कच्चं, करपलेलं, थंड की चव नाही? यातलं एक निवडा. तसं शेफच्या नावावर टाकतो."

आता माझ्या जिभेवर अख्खं पत्रक तयार होतं. मथळ्यासकट. गिऱ्हाइकाने घास बाजूला ठेवला की शेफच्या नावावर शेरा! मी टेबलाची कड घट्ट धरली. शब्द दिलेला होता.

सविता उभी राहिली.

"खराब काय बी न्हाय. ते पान माझ्या बापाचं हाय."

"ते येणार आहेत का मॅडम? खुर्ची लावू?"

"ते वारले. हा तुमचा वरचा स्लॅब हाय ना, त्याची घमेली त्यांनी वाह्यली. पाणी मागाया आले तर तुमी मागच्या दारानं घालवलं. आज मी त्यांना पुढच्या दारानं आनलंय. पान ठेवा जिथं व्हतं तिथं! आन् त्या शेफच्या नावावर काय बी टाकू नका, त्यानं बरं शिजवलंय."

आमचा तवा अजून फुसफुसत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ठेवा हो ते पान. आमच्याकडेही काढतात."

रेश्माने कोणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. पान परत आणून कट्ट्यावर ठेवलं, दोन्ही हातांनी. मॅनेजर टॅबलेटकडे पाहत राहिले. बिचाऱ्यांना खरोखर अडचण होती. "तक्रार उघडली गेलीय, मॅडम. कारण भरल्याशिवाय बंद होत नाही. 'इतर' म्हणून एक जागा आहे. काय लिहू?"

सविताने पानाकडे पाहिलं. "लिवा, पोचलं."

त्यांनी लिहिलं.

मग आम्ही जेवलो. चिकन मऊ होतं, वरचा सॉस गोडसर आणि उगाचच तोऱ्यात, बटाटा उत्तम. सविताच्या मते घरच्या चुलीवरची कोंबडी याला सहज हरवते, "पन आबांनी सगळं संपवलं असतं." निघताना तिने पान उचललं आणि बाहेर, गाड्या लावायच्या जागेतल्या बदामाच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. दार पहारेकऱ्यानेच धरलं होतं. "कुछ गिरा क्या, मॅडम?" "न्हाय. ठेवलंय."

परतीच्या वाटेवर तो ड्रायव्हर जेवून टायरला टेकून बसला होता. आम्हाला पाहून त्याने उगाच हात केला, आम्हीही केला. रांजणोलीला सविताच्या फोनवर कंपनीचा निरोप आला: आपली तक्रार 'पोचलं' आमच्यापर्यंत पोहोचली असून आम्ही दिलगीर आहोत. ती स्कूटरवर इतकी हसली की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

मी आजवर बरीच पत्रकं लिहिली. दोन्ही बाजूंनी छापलेली, तीन-तीन उद्गारचिन्हांची. त्यांतल्या एकानेही भरल्या हॉटेलात मॅनेजरला खाली मान घालून लिहायला लावलेलं नाही. घरी आल्यावर गादीखालची घडी काढली आणि मागणीचा परिच्छेद निम्म्याने कापला.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. मानकोलीत मी कोणाशीही भांडलो नाही. पुढच्या वर्षी शब्द तिच्याकडून घेणार आहे.