अर्धा वजा करायची सवय

द्राक्षं खोक्यांत भरणाऱ्या पॅकहाऊसमधल्या नव्या मॅडमनी माझ्या मोबाईलमध्ये ती ऑनलाइन शीट घालून दिली, त्या दिवसापासूनच मला त्यात काहीतरी काळंबेरं वाटत होतं. माझं काम नाशिकभोवतीच्या द्राक्षबागांत फिरून मण्यांची गोडी, म्हणजे ब्रिक्स मोजायचं. पूर्वी आकडा वहीत लिहायचो, घड खुडणाऱ्या टोळीच्या मुकादमाला फोनवर सांगायचो आणि गोडी अठरा भरली की तो खुडा, म्हणजे तोडणी लावायचा. आता म्हणे आकडा शीटमध्ये टाकायचा. संध्याकाळी पाचला शीट आपली आपणच बघणार, अठरा किंवा वर दिसले की मुकादमाला, ट्रकवाल्याला आणि बागायतदाराला मेसेज जाणार. मधे कुणी कुणाशी बोलायचं नाही.

"मॅडम, हे माझ्यावर नजर ठेवायलाच ना?" मी विचारलंही.

"काका, तुमचे फोन वाचावेत म्हणून," त्या हसून म्हणाल्या. ते हसणंही मला पटलं नाही.

माझी एक जुनी सवय होती. यंत्रात जो आकडा दिसेल, त्यातून अर्धा वजा करूनच लिहायचा. बागायतदार घाईवर आलेले असतात, सावलीतला आंबट घड मागे ठेवून उन्हातला गोड पुढे करतात. भरवसा धरायचा कुणाचा? मुकादमाला हे ठाऊक होतं. माझे साडेसतरा ऐकले की तो मनात अर्धा मिळवून टोळी पाठवायचा.

गेल्या वर्षीची, शीट नवीच होती तेव्हाची गोष्ट. सायखेड्याला एका ताईंची बाग आहे. नवरा बाहेरगावी नोकरीला, बागेचं सगळं त्यांच्याच अंगावर. त्यांच्या स्वतःच्या नावाने पहिल्यांदाच माल परदेशी जायचा होता.

"खोक्यावर माझंच नाव येणार ना, भाऊ?" त्यांनी दोनदा विचारलं. मी मोजलं, शीट भरली, चहा घेतला आणि एक-दोन दिवसांत टोळी येईल असं सांगून निघालो.

आठवड्याने गेलो तर घड वेलीवरच. मणी हाताला मऊ लागत होते. परदेशी पाठवायच्या लायकीचा तो माल आता राहिला नव्हता. शेजारची बाग मात्र खुडून रिकामी. तिथे मोजायला दुसरा माणूस जातो.

"मेसेजच नाय आला," ताई म्हणाल्या. "रोज पाच वाजता फोन घेऊन बसते हाय."

माझं डोकंच फिरलं. शेजाऱ्याचं आणि मॅडमचं साटंलोटं, दुसरं काय! आकडा बदलला यांनी. तडक पॅकहाऊस गाठलं आणि सगळ्यांसमोर तोंड सोडलं.  मॅडमनी कॉम्प्युटरवर शीटमधल्या ताईंच्या बागेच्या चौकोनातल्या जुन्या नोंदी उघडल्या. अकरा वाजून दहा मिनिटं, अठरा. अकरा वाजून अकरा मिनिटं, साडेसतरा. दोन्हींपुढे माझंच नाव.

"काका, खोडलं कशाला?"

"सवय," मी म्हणालो. मुकादम मनात अर्धा मिळवायचा, शीट कशाला मिळवेल! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सायखेड्याला जाऊन ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मी त्या मॅडमला शिव्या देत व्हते," त्या म्हणाल्या, "आन तुम्हाला च्या पाजत व्हते."

यंदाही मी त्यांच्या बागेत जातो. चहा मिळतो. पण मी बघायच्या आधी त्या स्वतः यंत्राला डोळा लावतात, मग माझा मोबाईल मागून घेतात. आकडा अठरा असला, तर तो टाकून झाला तरी निघू देत नाहीत. पाच वाजून मेसेज येईपर्यंत मला ओट्यावर बसवून ठेवतात.