साखरेची भरपाई

आता मला सांगा, अंगात साखर वाढली तर भरवसा कोणावर ठेवावा, डॉक्टरवर की किराणावाल्यावर? हसू नका. भिलाईजवळच्या खुर्सीपारात माझं किराणा दुकान होतं, आणि माझ्या साळ्यानं भरवसा ठेवला तो किराणावाल्यावर!

तेव्हा भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. साळा, गणपत, तिथं खलाशी; जहाजावरचा नव्हे, दोरखंडानं ओझी वर चढवणारा. लोखंडी गर्डर चढवायचा. असा धट्टाकट्टा गडी वाळत चालला. लोटे रिकामे केले तरी तहान जाईना. डॉक्टरनं लघवी तपासली, साखर निघाली. रोज इन्सुलिनचं इंजेक्शन, आणि गोड बंद!

मी आपली दुकानदारी अक्कल चालवली. साखर बाहेर वाहून चालली, माणूस वाळून राहिला, आणि हा डॉक्टर आवकच बंद करतो?

"गणपत, घे, गूळ खा."

"पण भाऊजी, डॉक्टर म्हणते..."

"डॉक्टरनं कधी दुकान चालवलं काय?"

बिचारा खायचा. तहान आणखी वाढली, लघवीही वाढली. मी म्हटलं, पाहा, जावक वाढली! मग मी गुळाचा खडा मोठा केला. काय खूश होतो हो स्वतःवर!

एका सकाळी बायको ओरडतच आली, "अवो, गणपत उलट्या करून राहिला! डोये उघडत नायी!"

जाऊन पाहतो तर धापा टाकतोय, तोंडाला सडक्या फळासारखा वास. उचलून दवाखान्यात नेला.

तो शुद्धीवर आल्यावर डॉक्टरनं विचारलं, "काय खात होतास?"

"भाकर अन् कारलं, साहेब."

"तरी एवढी साखर? मग डोस वाढवतो. पण खरं सांग. चोरून गोड खाल्लं असेल, तर इथं ते बंद झाल्यावर वाढलेल्या डोसानं साखर एकदम उतरून जीव जाईल."

गणपत माझ्याकडे पाहू लागला. मी छताकडे. शेवटी कसंबसं तोंड उघडलं, "मीच... गूळ चारला."

"शेठ, पोटामागं स्वादुपिंड असतं, ते इन्सुलिन बनवतं. इन्सुलिन कुलूप उघडतं, तेव्हा रक्तातली साखर पेशीत जाते. याचं स्वादुपिंड थकलंय. साखर रक्तातच साचते, लघवीतून सांडते, पेशी उपाशीच! तुम्ही बंद गोदामापुढं पोती रचत होता."

बायकोनं तोंड फिरवलं. मी गणपतला पुटपुटलो, "अरे, एकदा तरी नाही म्हणायचं!"

"कसा म्हणू, भाऊजी? तुमी अन् फुकट देता! मले वाटलं, जुना गूळ खपत नसन. घरच्यानं नायी खाल्ला तं कोन खाईन?"

तर बाबांनो, एवढं ऐका. पोटात काय गेलं त्याचा हिशेब डॉक्टरसमोर खरा ठेवा. आणि भाऊजी शेजारी उभा असेल, तर त्याला आधी बाहेर काढा.