बाबांच्या वाडग्यातल्या कण्या

गुरुवारी दुपारी बाबा गेले. आई तेव्हा त्यांच्यासाठी कण्या शिजवत होती. मी हाक मारली. तिने स्टोव्ह बंद केला आणि बाहेर आली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नवीन जालन्यात एका शाळेत मराठी शिकवत होते. बाबांचं पोटाचं दुखणं वाढलं, तेव्हा दवाखाना जवळ पडावा म्हणून ते आणि आई वाटूरचं घर बंद करून माझ्याकडे आले. बरोबर शेतावरचा कुत्राही आला. त्याला मागे ठेवायला बाबा तयार नव्हते. बाबांना तिखट, तेल, दूध सगळं बंद होतं. आई त्यांच्यासाठी वेगळं करायची: जाडसर भरडलेली ज्वारी, मूठभर मुगाची डाळ, हळद, जरासं मीठ, आणि बोटाने दाबलं तरी विरघळेल इतकं शिजवलेलं. तीन वर्षं घरात रोज ते पातेलं चढत होतं. बाबा गेल्यावर ते चढेनासं झालं. कुणी तसं ठरवलं नव्हतं.

तेराव्याला पाहुण्यांनी कुत्र्यापुढेही पान वाढलं. खीर, पुरी, वडे. दुसऱ्या दिवशी त्याने सगळं ओकलं, मग जुलाब लागले ते थांबेनात. त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. तो मागच्या दाराच्या पायरीवर पडून असायचा. बाबा तिथेच बसून जेवत. भेटायला येणाऱ्या बायका त्याच्याकडे पाहून डोळ्यांना पदर लावत. "मुकं जनावर, पण मालकामागं झुरू राह्यलं बघा," म्हणत.

मलाही ते पटलं. इमानी कुत्र्यांच्या गोष्टी मी वर्गात शिकवल्या होत्या. शिवाय माझ्यासारखंच कुणीतरी घरात झुरतंय, याचा मला आधार वाटत होता.

म्हणून मी त्याचे लाड सुरू केले. दुधात पोळी कुस्करून द्यायचे. जुलाब वाढले, अशक्त झालाय म्हणून मी दूध वाढवलं. बिस्किटं दिली, पाव दिला. स्टेशनकडच्या एका दुकानात कुत्र्यांसाठी पाकिटातलं खाणं मिळतं असं कळलं, तेही आणलं. ते त्याच्या पोटात टिकलं, पण माझ्या पगारात रोज परवडणारं नव्हतं. पाकीट संपलं आणि पुन्हा तेच सुरू झालं.

शेवटी त्याला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर एका बैलाचं काम उरकून हात धूत होते.

"काय झालं बाई?"

"आमचे वडील गेले. तेव्हापासून यानं दुःख घेतलंय."

त्यांनी त्याचं पोट चाचपलं, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. "वडलांचं वाईट झालं. पण बाई, दुःखानं जेवण सुटतं, हगवण न्हाई लागत. काय घालता खायला?"

मी सांगत गेले. दुधाचं नाव निघताच त्यांनी मला थांबवलं. "ह्याची सुपारी घेतली का काय तुम्ही? दूध बिलकुल बंद. आधी काय खायचा?"

"तीन वर्षं घरात आहे, पण ते ठाऊक नाही," मी म्हणाले.

"तीन वर्षं घरात आहे अन् ठाऊक न्हाई?" ते हसले, पण हसण्यात टोचणी नव्हती. "घरी विचारा. जे खाऊन धड होता तेच द्या. आज नुसतं पाणी, उद्यापासून थोडं थोडं. अंग धरलं की मंग एखादं उकडलेलं अंडं."

घरी येऊन आईला विचारलं.

"मी कुठं येगळं करीत होते त्याला?" ती म्हणाली. "तुझे बाबाच घालायचे त्यांच्यातले दोन घास."

दुसऱ्या दिवशी तिने कण्या चढवल्या. वास सुटला तसा तो उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आईने थोडेच, दोन घास टाकले. ते पोटात राहिले. मग पळीभर, मग दोन पळ्या. आठवड्याने बाबांसाठी व्हायचं तेवढं अख्खं पातेलं संपू लागलं. त्याची पाठ भरू लागली.

अशाच एका सकाळी रिकामं पातेलं हातात घेऊन आई थांबली.

"दोन घासावर एवढं मोठं जनावर तीन वर्षं राहतं का गं?"

मला ते आदल्या दिवशीच कळलं होतं आणि मी बोलले नव्हते. "तुम्ही जा आत, मी सावकाश जेवतो," असं म्हणून बाबा आम्हाला पाठवून द्यायचे. वाडगं परत यायचं ते लख्ख. आई ते शेजारणींना दाखवायची. एवढं दुखणं, पण माझ्या हातचं टाकत न्हाईत, म्हणायची.

"शेवटी भूकच नसंल त्यांना," मी म्हणाले.

"मंग तसं सांगायचं. मी काय मारणार होते?"

"तुला वाईट वाटलं असतं."

ती पायरीवर टेकली. कुत्रा येऊन पातेलं हुंगू लागला. "तू तरी सांगायचं होतं मेल्या," तिने त्याला म्हटलं आणि मग ती रडली. बाबा गेले त्या दिवसानंतर तिला रडताना मी प्रथमच पाहत होते. बऱ्याच वेळाने तोंड पुसून म्हणाली, "जाऊ दे. वाया तर न्हाई गेलं."

तिच्या घरात कधी अंडं शिजलं नव्हतं. त्या रविवारपासून ती अंगणात, जुन्या स्टोव्हवर, नाकाला पदर लावून त्याच्यासाठी एक अंडं उकडू लागली.

कुत्रा पुढे सहा वर्षं जगला. त्याच्यानंतर दोन वर्षांनी आई गेली. आता घरात मी आहे आणि पुस्तकं आहेत. दुसरा कुत्रा मी पाळला नाही.