काळ्या पट्ट्यांची जोडी

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून बावन्न मिनिटांनी पियानोशिक्षिका नातेला शोनिया तिबिलिसीतल्या घरी फोन उलटा टांगत होती. टेबलावरच्या जुन्या दिव्याचा बल्ब काढून तिने त्याच्या लवचीक दांड्याला रबराने फोन बांधला होता. तो वरून थेट पियानोच्या पट्ट्यांकडे बघे. विद्यार्थ्यांनाही तिची हीच अट होती : चेहरा नको, हात दाखवा. ऑनलाइन शिकवायला लागून सहा वर्षं झाली होती. एकोणीस विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना तिने रस्त्यात ओळखलं नसतं. हात मात्र कुठेही ओळखले असते.

नव्या विद्यार्थ्याकडून ती आधी एक कागद भरून घेई. काय शिकायचंय? उत्तरं बहुतेक तीच तीच असत. डावा हात मागे पडतो. पेडल कधी सोडायचं ते कळत नाही. सिनेमातली गाणी कानाने बसवायचीत. कुताइसी शहरातल्या एका दंतवैद्याने लिहिलं होतं, ‘बायकोच्या पन्नाशीला वाजवायला एक वॉल्ट्झ. एकच.’ या उत्तरांवरून ती महिन्याचे धडे ठरवी. आज सहाला इटलीतल्या बारीहून कातो नावाची बारा वर्षांची मुलगी पहिल्यांदा येणार होती. तिने एकच ओळ लिहिली होती : ‘पट्ट्यांकडे न बघता वाजवायचंय. थोडं येतं.’

शेजारची दोदो दार न वाजवता आत आली. हातात झाकलेली ताटली, राजमा भरलेली गरम रोटी.

“कालचा तो कोण होता गं? गाढव जिन्यावरून घसरावं तसा वाजवत होता.”

“दंतवैद्य.”

“दात उपटताना तरी ताल धरतो का?” दोदोने ताटली पियानोवर ठेवली. नातेलाने ती उचलून टेबलावर ठेवली. “उद्या मेलेल्यांचा शनिवार. येतेस ना चर्चला?”

“दरवर्षी येते.”

“येतेस, आणि लामाराची मेणबत्ती जिवंतांच्या बाजूला लावतेस. बत्तीस वर्षं झाली. वरचे पण गोंधळले असतील.”

“तू तिला मेलेली बघितलीस?”

“नाही.”

“मग तू तुझी लाव, मी माझी लावते.”

दोदो गेली. तिचं घर भिंतीपलीकडेच होतं आणि भिंत पातळ होती. जाताना तिने दार उघडंच टाकलं.

लामारा नातेलाची धाकटी बहीण. युद्धाआधी आणि युद्ध पेटल्यावरही दोघी सुखुमी शहरातल्या संगीतशाळेत शेजारशेजारच्या खोल्यांत शिकवत. त्र्याण्णवच्या वसंतात नातेला आईला घेऊन तिबिलिसीला निघून आली. लामारा म्हणाली, पोरांची परीक्षा होऊ दे, मग येते. सप्टेंबरात सुखुमी शत्रूच्या हाती पडलं. माणसं डोंगरातून, बर्फातून चालत आली. आलेल्यांत लामारा नव्हती, पुरलेल्यांच्या यादीतही नव्हती. चर्चमध्ये मेणबत्ती जिवंतांसाठीच्या गोल ताटात खोचायची, की मेलेल्यांसाठीच्या, क्रुसाखालच्या वाळूच्या चौकोनी पेटीत, एवढंच ठरायचं राहिलं होतं. नातेलाने ते ठरू दिलं नव्हतं.

सहाला फोन वाजला. पडद्यावर पिवळट पट्ट्या आणि दोन सडपातळ हात.

“मास, दिसतायत का हात?” शिक्षिकेला मुलं ‘मास’च म्हणत.

“दिसतायत. नखं वाढलीयत.”

“आईपण तेच म्हणते.”

“मग आईचं ऐकत जा. डोळे मीट. डोपासून, पहिल्या सुरापासून, वर चढ आणि खाली ये.”

उजव्या हाताची तर्जनी वाकली. नखाच्या बाजूने ती दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीवर टेकली, आधी डावीवर, मग उजवीवर. पट्ट्या इतक्या हळू दबल्या की आवाज झाला नाही. मग हात सरकून डोवर आला.

नातेला खुर्चीत पुढे सरकली.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात सुखुमीत वीज नसे. चारनंतर वर्गात काळोख. तेव्हा काळोखात डो सापडावा म्हणून लामाराने तिच्या विद्यार्थ्यांना ही सवय लावली होती. आधी दार वाजवायचं, मग घरात जायचं, असं ती त्यांना सांगे. नातेला तिला हसायची : पियानो आहे, शेजारीण नाही. दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाच्या मुलांना नातेलाने असं करताना पाहिलं नव्हतं.

“हे कोणी शिकवलं?”

“आईने. चुकीचं आहे का?”

“आई घरात आहे?”

“स्वयंपाकघरात. आई सांभाळते त्या म्हाताऱ्या बाईंचं सूप करतेय. पियानो त्यांचाच आहे.”

“बोलाव.”

पडद्यावर मुलीच्या हातांशेजारी एक मोठा हात आला. साबणाने ओला, बोटं लालसर.

“नमस्कार, मास. मी इर्मा. काही चुकलं का पोरीचं?”

“काळ्या पट्ट्यांना हात लावते ती. हे कुठलं?”

“सुखुमीचं. आमच्या लामारा मासचं. सवय जात नाही हो, माझी पण.” त्या हाताची तर्जनी वाकली आणि जोडीवर टेकली.

नातेला स्वतःविषयी काही बोलली नाही. बहीण आहे म्हटलं असतं, तर इर्माने गोड करून सांगितलं असतं.

“पुढे काय झालं त्या मासचं?”

इर्माने मुलीला सूप ढवळायला पाठवलं.

“मी नऊ वर्षांची होते. आजी आणि मी. डोंगरात मास भेटली, तिच्यासोबत चार मुलं. दुसऱ्या रात्री बर्फ सुरू झाला. ती म्हणाली, बोटं थांबवायची नाहीत. एकामागे एक बसा आणि पुढच्याच्या पाठीवर वाजवा. मी तिच्या मागे होते. कोटावरून कळायचं तिला, कुठलं बोट पडलं ते. चुकलं की म्हणायची, ‘पुन्हा.’”

“मग?”

“पहाटे तिचं ‘पुन्हा’ येईना. मला वाटलं, मी बरोबर वाजवतेय.”

इर्माचा हात पट्ट्यांवर तसाच होता.

“मग मी मुद्दाम चुकले. चौथ्याच्या जागी तिसरं बोट. परत चुकले. आजीने बघितलं, मासचे डोळे मिटले, तोंडावर रुमाल टाकला आणि मला ओढून नेलं. तिथे थांबता येत नव्हतं, मास.”

नातेलाने फोनचा रबर उगाच पुन्हा ताणून बसवला.

“तुम्ही ओळखायचात तिला?” इर्माने विचारलं.

“शेजारच्या खोलीत शिकवायचे.”

“शेजारच्या खोलीत तिची बहीण होती. भिंतीतून ओरडणं ऐकू यायचं. आम्ही घाबरायचो तिला.”

“अजूनही घाबरा,” नातेला म्हणाली. “पोरीला बसव. पाऊण तास राहिलाय.”

मोठा हात वर उचलला गेला, थोडा थांबला आणि पडद्याबाहेर गेला. सडपातळ हात परत आले.

“मास, ती सवय सोडू का? परीक्षेत हसतील ना?”

“हसू दे. डोळे मीट.”

तर्जनी जोडीवर टेकली. मग सूर चढू लागले. वरच्या वळणावर, जिथे चौथं बोट पडायला हवं होतं, तिथे तिसरं पडलं. मुलगी थांबली आणि वाट बघत राहिली. नातेलाने तोंड उघडलं.

“मास? गेलात का?”

“पुन्हा,” नातेला म्हणाली.

सात वाजता तिने फोनचा रबर सोडला. कातोच्या कागदावर ‘थोडं येतं’च्या खाली लिहिलं : बोटांचा क्रम बघणे. मग पातळ भिंतीवर दोनदा ठोठावलं.

“काय गं?” पलीकडून दोदो.

“उद्या चर्च कितीला उघडतं?”

“आठला. साडेआठला निघू आरामात.”

“आठलाच जाऊ. ती वाळू कुठे असते?”

भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज बंद झाला.

“आत गेलीस की डावीकडे,” दोदो म्हणाली. “क्रुसाखाली. मी दाखवीन.”

उद्या चर्च आठला उघडतं. दंतवैद्याचा तास सव्वानऊला आहे; तोवर परत यायला हवं.