चित्रातल्या जेवणाचा काटा

मी म्हैसूरच्या मेटगळ्ळी भागातल्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. पार्ट बिघडला की तो का बिघडला, हे शोधायचं. कारण नसलेला बिघाड मी आजवर पाहिलेला नाही, त्यामुळे भुतंखेतं, करणी, दृष्ट वगैरेंवर माझा कधी विश्वास बसला नाही... खरं सांगायचं तर अजूनही बसत नाही. तरी हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे. जेवत असाल तर नंतर वाचा.

आम्ही कैक पिढ्या म्हैसूरचेच. माझे राघूकाका अग्रहारात, म्हणजे जुन्या ब्राह्मण वस्तीत, राहतात. गणिताचे मास्तर होते, आता रिटायर्ड. त्यांच्या घरात कांदा-लसूणही येत नाही. इंदूकाकूंचं सोवळं तर इतकं कडक, की त्या हॉटेलातलं पाणीसुद्धा पीत नाहीत.

गेल्या वर्षी इथल्या एका म्युझियममध्ये चिनी चित्रांचं प्रदर्शन आलं होतं — मागच्या शतकातली आणि अगदी अलीकडची चित्रं. काका म्हणाले, "सुम्ने, उगाच घरात बसून काय करायचं? चल, बघून येऊ." रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, काकूंच्या हातची अवलक्की, म्हणजे पोहे, आम्ही दोघांनी खाल्ली आणि रिक्षाने थेट म्युझियमला गेलो. मधे कुठे थांबलो नाही.

पहिल्या दालनांत शाईची चित्रं होती. धुक्यातले डोंगर, बांबू, पाण्यातली कोळंबी. काका खूश. "एकेक रेघ बघ, सीनू. एकदा मारली की मारली. पुसायचं काम नाही."

शेवटच्या दालनात आजच्या चित्रकारांचे मोठमोठे कॅनव्हास होते. त्यात एक भिंतभर चित्र — लग्नाची पंगत उठून गेल्यानंतरचं गोल टेबल. खुर्च्या रिकाम्या. उष्ट्या ताटल्या, गोठलेली चरबी, आणि मधोमध एक अख्खा मासा, तपकिरी तेलात बुडालेला. एक बाजू खाऊन संपलेली, डोळा पांढरा पडलेला. रंग इतका जाड थापला होता की ओला वाटत होता. मला किळस आली, मी पुढे सरकलो.

काका तिथेच थांबले. "वास येतोय काय रे?"

"पेंटचा असेल," मी म्हणालो.

थोड्या वेळाने वळून बघतो, तर त्यांचा जबडा हलत होता. सावकाश, चवीने खाल्ल्यासारखा. मला वाटलं, लवंग असेल तोंडात. जवळ गेलो. ओठांच्या कोपऱ्यातून काहीतरी तपकिरी, तेलकट ओघळत हनुवटीपर्यंत आलं होतं.

"काका, काय खाताय?"

त्यांनी गिळलं. गळ्याची घाटी वरखाली झालेली मी पाहिली. मग एकदम भानावर आल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले, तोंडावर हात दाबला आणि बाथरूमकडे धावले.

बेसिनमध्ये जे पडलं त्यात अवलक्कीचा एक कण नव्हता. पांढऱ्या मांसाचे पापुद्रे, आणि वर तरंगणारं तेल. सडक्या मासळीबाजाराचा वास. मी नळ सोडला, तरी ते चिकट चिकट भोकापाशी अडकून राहिलं. मला शेवटी बोटांनी ढकलावं लागलं... तो बुळबुळीतपणा अजून बोटांना आठवतो.

"टोचतंय," काका गळा धरून म्हणाले.

तिथून थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी घशात अडकलेलं चिमट्याने काढलं आणि गॉजवर ठेवलं. बारीक, वाकडं, पारदर्शक. "मीनिन मुळ्ळु," ते म्हणाले. माशाचा काटा. "मासा सावकाश खायचा, अज्जा."

"मी मासा खात नाही," काका म्हणाले. डॉक्टर नुसते हसले.

काकांनी घरी स्वतःच सगळं सांगितलं. काकू भांडल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी काकांचं पान बाहेरच्या पडवीत वाढायला सुरुवात केली, एवढंच. भांडी वेगळी. बोलणं कामापुरतं. काकांना दहीभातसुद्धा जाईना, घास तोंडाशी नेला की उमळून यायचं. शर्ट अंगावर लोंबायला लागला.

"सीनू, तुझा तरी विश्वास आहे ना रे?"

"मी होतो ना तिथे."

"होतास. मी विश्वासाचं विचारतोय."

मी म्हणालो, "आहे." पण म्हणायला जरा उशीर केला, आणि ते त्यांनी ओळखलं.

पुढच्या एकादशीला काकूंचा सकाळीच फोन आला. "मला ने तिथं. त्यांना सांगू नको."

काकूंची एकादशी निर्जळी असते. घसा कोरडा पडला होता, आवाज नीट निघत नव्हता. त्यांनी बाकी एकही चित्र पाहिलं नाही. मी दाखवलं त्या टेबलासमोर पदर खोचून उभ्या राहिल्या, जणू आता कोणाला तरी जाब विचारणार आहेत. मीही शेजारी उभा राहिलो. मला काही झालं नाही. वास नाही, चव नाही.

मग काकूंचे गाल आत ओढले गेले. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दात घट्ट आवळले, तरी जबडा हलायला लागलाच. मी दंड धरून त्यांना खेचत बाहेर आणलं. झाडाखाली त्या खूप वेळ थुंकत राहिल्या — तेलकट तार तुटेना. शेवटी जिभेवरून दोन बोटांनी त्यांनी काहीतरी काढलं. उन्हात चमकलं ते. खवला होता, नखाएवढा.

"साकु, पुरे," त्या म्हणाल्या. "घरी चल."

रिक्षात एकदाच बोलल्या. "त्यांनी गिळलं रे सगळं. मला एवढंसं सोसलं नाही."

दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं होतं. मुद्दाम गेलो. काकांचं पान आत मांडलेलं होतं, काकूंच्या पानाशेजारी.

"काय झालं?" काकांनी मला विचारलं.

"काही नाही," काकूच म्हणाल्या, "जेवा." आणि पहिला घास त्यांनी स्वतःच्या हाताने काकांना भरवला. माझ्यासमोर. आमच्याकडे कोणी असं करत नाही. तो घास पोटात राहिला.

प्रदर्शन नंतर दुसऱ्या शहरात गेलं. तिथे कोणाला काही झाल्याचं ऐकलं नाही. मित्र म्हणतात, काकांनी चोरून खाल्लं असेल. पण पाण्याचा थेंबही न घेतलेल्या बाईच्या तोंडात खवला कुठून आला? कारखान्यात मी असा रिपोर्ट कधीच पाठवला नसता, इथे पाठवतोय. बिघाडाचं कारण: सापडलेलं नाही.